अमेरिकेत हप्त्यांवर घेतलेला फोन नागपुरात चालेल का? मदत हवी आहे

संत्रानगरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी मनीष नगरात राहते. माझ्या बहिणीचा मुलगा डॅलसला असतो, तो दिवाळीला तीन-एक आठवड्यांसाठी येतोय. तिकडे तो नवा फोन घेणार आहे आणि हातातला आयफोन १५ मला आणून देतो म्हणतोय. "मावशी, मला फुकटातच पडलाय, तू आबांना दे." आबा म्हणजे माझे वडील. देण्यामागची त्याची माया मला कळते, म्हणूनच नीट विचारून घ्यायचं ठरवलं.

अडचण अशी की हा फोन त्याने तिथल्या मोबाइल कंपनीकडून ३६ महिन्यांच्या हप्त्यांवर घेतलेला आहे आणि हप्ते अजून संपलेले नाहीत. फोन त्या कंपनीला लॉक आहे का, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम घेतो की नाही, हे त्यालाही माहीत नाही. दुसरं सिम घालायची त्याला कधी गरजच पडली नाही. आणि सिम घालायला फोनला जागाही नाही. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन २०२२ सालच्या आयफोन १४ पासून ई-सिमवरच, म्हणजे फोनमध्येच असलेल्या डिजिटल सिमवर चालतात, सिमचा ट्रे काढूनच टाकला आहे.

आबा काटोलच्या पुढे शेतावर राहतात. संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराची फळं तोडणीला आली की व्यापारी आधी व्हॉट्सअॅपवर फोटो मागतो. झाडाचा, फळाचा, मग हातात धरून कापलेल्या फळाचा. आत्ताच्या फोनमध्ये हिरवं-पिवळं नीट उमटत नाही, त्यामुळे भाव पाडायला त्याला कारण मिळतं. म्हणून चांगल्या कॅमेऱ्याचा फोन खरंच उपयोगाचा आहे. बागेत रेंज फक्त जिओची येते, तीही विहिरीकडच्या भागात. फोन बिघडला की आबा सिम काढून जुन्या बटणांच्या फोनमध्ये घालतात आणि काम चालू ठेवतात.

आणखी एक गोष्ट सांगते, म्हणजे मी एवढी का विचारतेय ते कळेल. मागे माझ्या नवऱ्याने बर्डीवरच्या एका दुकानातून "इम्पोर्टेड" आयफोन घेतला होता. दुकानदाराने सिमच्या खाली कागदासारखी पातळ चिप ठेवून फोन चालू करून दिला. काही महिने चालला. मग एका सॉफ्टवेअर अपडेटनंतर पडद्यावर "सिम नॉट सपोर्टेड" आलं ते कायमचं. फोन परदेशातल्या कुठल्याशा कंपनीला लॉक होता. दुकानदाराने हात वर केले. बिल म्हणून जो कागद दिला होता त्यावर आयएमईआय नंबरसुद्धा (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) नव्हता. पैसे गेले ते गेलेच.

तर विचारायचं आहे ते असं: लॉक आहे की नाही हे भाच्याने तिथेच कसं ओळखावं? लॉक असेल तर नागपुरात आल्यावर काही करता येतं का? जिओचं ई-सिम त्यात चालेल का, शेतावर रेंज धरेल का? आणि भाचा स्वतः इथे असताना डेटाचं काय करावं? मागच्या खेपेला त्याचं रोमिंगचं बिल बघून माझी बहीण घाबरली होती.

---

ह्यूस्टनकर

ताई, आधी सोपं. भाच्याला सांगा, सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाउट, आणि खाली "कॅरिअर लॉक" अशी ओळ दिसेल. तिथे "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" लिहिलेलं असेल तरच फोन मोकळा. दुसरं काहीही लिहिलेलं असेल तर लॉक आहे असं धरा. याला एक मिनिट लागतं. त्याचा स्क्रीनशॉट मागवा.

पण हप्ते चालू आहेत म्हणता, तर बहुधा लॉकच असेल. इथल्या मोठ्या मोबाइल कंपन्यांपैकी एटी अँड टीचा नियम असा की फोनचे पूर्ण पैसे फिटलेले हवेत आणि फोन त्यांच्या नेटवर्कवर किमान ६० दिवस चाललेला हवा. टी-मोबाइलच्या पोस्टपेडला पैसे फिटणं आणि ४० दिवस. पैसे फिटल्याशिवाय दोघंही सोडत नाहीत.

आता "फुकटात पडला" याबद्दल. इथे ८०० डॉलरचा फोन ३६ हप्त्यांत लावतात, महिन्याला साधारण २२ डॉलर. बिलात २२ चा हप्ता येतो आणि त्याच्याच खाली २२ ची सूट. ग्राहकाला वाटतं फोन फुकट. पण ती सूट तीन वर्षं त्यांचा महागडा प्लॅन घेऊन बसण्यासाठी असते. मध्येच सगळे पैसे भरून मोकळं व्हायचं म्हटलं की उरलेल्या महिन्यांची सूट बंद. समजा एक वर्ष बाकी आहे, तर त्याला खिशातून २६५ डॉलरच्या आसपास भरावे लागतील. म्हणजे वीस हजार रुपयांच्या वर. तेव्हा हा फोन त्याला फुकट पडणार नाही, हे त्याला आत्ताच कळू द्या.

आणि एक विचारा. नवा फोन घेताना जुना परत द्यायची अट आहे का? इथल्या बऱ्याचशा मोठ्या ऑफर जुना फोन जमा केल्यावरच मिळतात. तसं असेल तर हा फोन नागपूरला येणारच नाही.

---

काउंटरमागे

मी सदरला मोबाइलच्या दुकानात बरीच वर्षं आहे. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट देतो: नागपुरात आल्यावर काहीही करता येत नाही. आयफोनचं कुलूप ज्या कंपनीने घातलं तीच काढू शकते, आणि ते तिच्या सर्व्हरवरून निघतं. "अनलॉक करून देतो" म्हणणारा जो कोणी भेटेल तो तुमच्या नवऱ्याला दिली तशीच चिप देणार. आणि या फोनला तर ट्रेच नाही, चिप ठेवणार कुठे?

आपल्याकडे लोकांना हे लॉकचं प्रकरण नवीन वाटतं, कारण इथे फोन वेगळा आणि सिम वेगळं ही सवय आहे. पण आपण हे भोगलेलं आहे. २००३ साली रिलायन्सची मान्सून हंगामा योजना आली, ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा. सीडीएमए नावाच्या वेगळ्या तंत्राचा फोन, त्यात सिमच नव्हतं. कंपनी बदलायची तर फोन टाकून द्या. गांधीबाग-इतवारीतल्या कितीतरी व्यापाऱ्यांनी आयुष्यातला पहिला मोबाइल तोच घेतला. त्या योजनेने फोन सामान्य माणसाच्या हातात आला हेही तितकंच खरं.

आयफोनचं तर मूळच तसं. जून २००७ मध्ये पहिला आयफोन अमेरिकेत आला तो फक्त एटी अँड टीवर, दोन वर्षांच्या कराराने, ४९९ आणि ५९९ डॉलरला. व्हेरायझन या दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला २०११ च्या फेब्रुवारीपर्यंत थांबावं लागलं. आपल्याकडे ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन थ्रीजी एअरटेल आणि व्होडाफोनने आणला, ८ जीबीचा ३१,००० रुपयांना. अमेरिकेत तोच कराराने १९९ डॉलर. लोक काउंटरवर भांडायचे, "तिकडे आठ हजाराला मिळते, तुम्ही काहून लुटून राहिले?" तिकडचा ग्राहक उरलेले पैसे दर महिन्याच्या बिलातून भरतो, हे समजावता समजावता आमचा घसा बसायचा. बरं, इथे पूर्ण किंमत मोजूनही तो फोन त्या कंपनीलाच लॉक. तो राग मात्र रास्त होता.

---

खामला_कट्टा

डेटाच्या प्रश्नाबद्दल. भाच्याचा फोन लॉक असेल तर त्याचा पहिला फटका आबांना नाही, त्यालाच बसेल. लॉक फोनवर जिओ-एअरटेलचं ई-सिम चढणारच नाही. म्हणजे इथे असेपर्यंत तो रोमिंगवर. एटी अँड टीचा परदेशातला डे पास दिवसाला १२ डॉलर आहे, हजार रुपयांच्या वर. आणि इथे जिओचं ३४९ चं रिचार्ज २८ दिवसांचं, रोज २ जीबी. एकूण ५६ जीबी, म्हणजे एका जीबीला सव्वासहा रुपये. जुलै २०२४ च्या दरवाढीआधी हेच रिचार्ज २९९ ला होतं, त्याबद्दल मी तेव्हाही चिडलो होतो आणि आजही नाराज आहे. तरी तिकडच्या एका दिवसाच्या पैशात इथले जवळजवळ तीन महिने निघतात.

तेव्हा उपाय असा. विमानात बसायच्या आधीच त्याने डेटा रोमिंग बंद करावं आणि वाय-फाय कॉलिंग चालू करून ठेवावं. त्याच्या प्लॅनमध्ये ती सोय असेल तर घरच्या वाय-फायवर अमेरिकेतला नंबर चालू राहतो. बाहेर पडताना घरातला कोणताही जुना फोन, त्यात इथलं एक सिम, आणि त्याचा हॉटस्पॉट. माझा चुलतभाऊ हेच करतो.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ यायच्या आधी एका जीबीला आपण अडीचशे रुपये मोजत होतो. आबांसारख्या माणसाने बागेतून फोटो पाठवणं तेव्हा परवडलंच नसतं. डेटा स्वस्त असणं ही शेतकऱ्यासाठी चैन नाही. म्हणून रिचार्ज दर वेळी वाढतं तेव्हा मला वाईट वाटतं.

---

संत्रानगरी

सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याकडून स्क्रीनशॉट आला. लॉकच आहे. आणि ह्यूस्टनकर म्हणाले तेच निघालं, नव्या फोनच्या ऑफरमध्ये जुना जमा करायचा आहे. हे त्याने वाचलंच नव्हतं. मी त्याला सांगितलं की बाळा, तू हप्ते तोडू नकोस.

आता तो म्हणतो, मग अॅपलच्या दुकानातून अनलॉक फोन नवा घेऊन येतो, तिकडे स्वस्त आहे. हे कितपत खरं?

---

ह्यूस्टनकर

पूर्वी होतं तेवढं आता नाही. आयफोन १७ इथे ७९९ डॉलर, पण तो कर सोडून. डॅलसमध्ये विक्रीकर ८.२५ टक्के. एकूण ८६५ डॉलर होतात. डॉलर ८८ रुपये धरला तर ७६ हजार. भारतात तोच ८२,९०० ला. सहा-सात हजारांसाठी ट्रे नसलेला फोन घ्यायचा, आणि आयफोनची वॉरंटी विकलेल्या देशापुरती ठेवायचा हक्क अॅपलने राखून ठेवलेला आहे. सणाच्या दिवसांत कार्डावर सूट मिळाली तर तेवढाही फरक राहत नाही.

---

काउंटरमागे

किमतीपेक्षा मला आबांची सवय महत्त्वाची वाटते. फोन बिघडला की सिम काढून दुसऱ्यात घालायचं, हे त्यांना जमतं आणि पुरतं. ई-सिमवर फोन पाण्यात पडला तर त्यांना काटोलला जिओच्या स्टोअरमध्ये आधार घेऊन जावं लागेल, आणि ऐन तोडणीच्या दिवसांत तेवढा वेळ कोणाकडे असतो? त्यांच्यासाठी इथलाच, ट्रे असलेला, मोठ्या बॅटरीचा अँड्रॉइड घ्या. वीस-पंचवीस हजारात दिवसाउजेडी फोटो उत्तम काढणारे फोन मिळतात.

रेंजचं म्हणाल तर जिओ ४जीसाठी बँड (रेडिओ लहरींचे पट्टे) ३, ५ आणि ४० वापरते, ५जीसाठी एन२८ आणि एन७८. त्यातले ५ आणि एन२८ लांब पोचतात, बागेत तेच कामी येतील. इथे विकला जाणारा फोन हे बँड घेऊनच येतो, पण खोक्यावर एन२८ आहे का तेवढं वाचा. नागपूर शहरात ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्या आठ शहरांत एअरटेलचं ५जी आलं, म्हणून शहरातला विक्रेता ५जीचा वेग दाखवून फोन विकतो. तुमचा फोन विहिरीपाशी चालायला हवा. बागेत आसपास कोणाकडे तोच फोन असेल तर त्यात आबांचं सिम घालून एक कॉल करून बघा.

घेताना बिलावर आयएमईआय लिहून घ्या, आणि *#०६# दाबून फोनमधल्या नंबराशी जुळवा. जुना फोन घेत असाल तर १४४२२ वर केवायएम (KYM) लिहून पुढे तो नंबर एसएमएस करा, ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे चोरीच्या वगैरे बंद केलेल्या फोनांच्या यादीत, असेल तर लगेच कळतं.

---

संत्रानगरी

हे पटलं. आबांशी बोलले, त्यांनाही सिम काढता येईल असाच फोन हवा आहे. शेजारच्या बागेतल्या भाऊंच्या मुलाकडे असा एक फोन आहे, तो आधी बघते. भाच्याला मी म्हटलं, तुला द्यायचंच असेल तर निम्मे पैसे दे, फोन आपण दोघं मिळून बर्डीवर जाऊन घेऊ. त्याला फार आनंद झाला.

एकच राहिलं. आबांचं सिम जुनं, मोठ्या आकाराचं आहे. दुकानात कापून देतात, तसं चालेल का?

---

काउंटरमागे

कापू नका ताई. जुनं सिम, कापताना सोनेरी भागाला धक्का लागला तर गेलं. जिओच्या स्टोअरमधून त्याच नंबरचं नवीन नॅनो (लहान आकाराचं) सिम घ्या, आबांना आधारसह सोबत न्यावं लागेल. फक्त एक लक्षात ठेवा: असं नवीन सिम चालू झालं की पुढचे २४ तास एसएमएस बंद राहतात, फसवणूक टाळायला तसा नियमच केला आहे. ओटीपी येणार नाही. व्यापाऱ्याचे पैसे यायचे असतील किंवा बँकेचं काही काम असेल तर ते आदल्या दिवशी उरका.