आईची मैत्रीण गेली. तिच्या दुःखाला घरात जागा कशी द्यावी?

प्रश्न (अनगोळ, बेळगाव)
नमस्कार. माझी आई ७१ वर्षांची आहे. गेल्या आषाढात तिची मैत्रीण वारली. दोघी लग्न होऊन वडगावात शेजारी शेजारी आल्या, तेव्हापासून मागावरच्या कांड्या भरण्यापासून मुलांच्या बाळंतपणांपर्यंत सगळे त्यांनी बरोबर केले. मावशी कानडी घरातल्या, लिंगायत. आईचे शिक्षण मराठी शाळेत झालेले. विधवा वेतनाचा असो वा रेशनचा, कन्नडमध्ये आलेला प्रत्येक कागद मावशी आईशेजारी बसून, ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवत. बाबा गेल्यावर आईला हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली, तेव्हा संक्रांतीला मावशी आधी आमच्या घरी येत, आईच्या कपाळाला कुंकू लावून वाण देत आणि मगच पुढच्या घरी जात.

अशा माणसाच्या जाण्याचे आमच्याकडे सुतक नाही, भेटायला कोणी येत नाही. 'आपल्यातली नव्हे, एवढे काय लावून घ्यायचे?' असे नातेवाईक म्हणतात. आई कामे करते, पण बोलत नाही. तिला भजनी मंडळात घालावे, असे भाऊ म्हणतो. काय करावे?

उत्तर १ (खासबाग)
ताई, मी आईंच्याच वयाची आहे. आधी त्यांना मावशींच्या घरी घेऊन जा. सुतकाचा विचार मनात असेल तर तो काढून टाका, कारण लिंगायत परंपरेने पाचही सूतके नाकारली आहेत, त्यात मृत्यूचेही आले. शिवाय त्यांच्यात दफन करतात, त्यामुळे समाधीपाशी जाऊन फूल वाहता येते आणि घटकाभर बसता येते. मावशींच्या सुनेला आधी निरोप द्या. तिच्याही घरात सासूच्या तरुणपणाच्या गोष्टी सांगणारे आता कोण उरले असेल? आईंनी त्या सांगाव्यात. त्या ऐकणारे माणूसही त्या घरात मिळेल.

उत्तर २ (निपाणी)
मी निवृत्त परिचारिका आहे. आपल्याकडे नवऱ्याच्या किंवा मुलाच्या जाण्याला दुःख म्हणतात आणि मैत्रिणीच्या जाण्याला 'वाईट झाले' एवढ्यावर भागवतात, हे मला फार अन्यायाचे वाटते. आईंचे गप्प राहणे हा लगेच आजार समजू नका, पण जेवण, झोप आणि औषधे वेळेवर होतात का, याकडे लक्ष असू द्या. सहा महिने उलटूनही दुःख तसूभर कमी झाले नाही आणि त्यामुळे रोजचे जगणेच अडू लागले, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. जगण्यातच अर्थ नाही असे काही त्या बोलल्या, तर मात्र एक दिवसही थांबू नका. 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे आणि रात्रीही चालतो.

उत्तर ३ (खानापूर)
भजनी मंडळाचे एवढ्यात नको. मंडळ चांगलेच असते, पण मैत्रीण गेली म्हणून दहा अनोळखी बायकांत नेऊन बसवले, तर माणूस आणखी एकटे पडते. त्यांना स्वतःहून जावेसे वाटले तर गोष्ट वेगळी.

मला संक्रांतीची काळजी वाटते. यंदा आईंच्या कपाळाला कुंकू कोण लावणार? ते तुम्हीच लावा, आणि सगळ्यांसमोर लावा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तुमच्या मावशी तर कोणत्याही ठरावाशिवाय ते करत आल्या. ती रीत त्यांच्याबरोबर संपू देऊ नका. कन्नड कागदांचे म्हणाल, तर ते नुसते मोबाईलवर वाचून मोकळे होऊ नका. मावशींसारखेच शेजारी बसून वाचा.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. मावशींच्या सुनेला आजच फोन केला. ती म्हणाली, 'आत्तींच्या पेटीत तुमच्या आईच्या नावाने बांधून ठेवलेली इरकल साडी आहे, पण द्यायला कसे यावे ते कळत नव्हते.' सोमवारी आईला घेऊन वडगावला जाते. भजनी मंडळाचे भावाला समजावून सांगितले आहे. समाधीला जाताना त्यांच्या रीतीप्रमाणे काय न्यावे, हे माहीत असेल तर कृपया खासबागच्या ताईंनी लिहावे.