पुडा तोच, किंमत तीच, माल कमी. कायद्यात बसतं म्हणून ही लबाडी नाही का?

रोजचा_हिशेब: पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यातलं वजन गुपचूप उतरवतात. नवं वजन मागे छापलेलं असतं, म्हणून गुन्हा होत नाही. पण पुड्याचा आकार, रंग, चित्र जसंच्या तसं ठेवायचं ते गिऱ्हाइकाच्या लक्षात येऊ नये म्हणूनच. मी याला लबाडीच म्हणेन.

दुकानदार_मिरज: एकदा गल्ल्यावर बसून बघा. पोर पाचचं नाणं घेऊन येतं, त्याला साडेपाचचा पुडा कसा विकू? मैदा, साखर, पामतेल महागलं की कंपनी एकतर किंमत वाढवणार, नाहीतर वजन कमी करणार. पाचचा पुडा सहाला झाला की माल पडून राहतो. आणि वजन छापलंय ना? मग वाचायचं काम गिऱ्हाइकाचं.

लेबल_वाचणारी: दादा, वाचूनच सांगते. २०२२ पर्यंत बिस्किटं, चहा, साबण यांच्या पाकिटांची वजनं नियमाने ठरलेली होती. ती अट काढली आणि त्याऐवजी ग्रॅममागे किंमत छापायला लावली, तीही दोन दशांश स्थळांपर्यंत. आता पाच रुपयांत ५८ ग्रॅम असतील तर ग्रॅमचा दर ०.०९ रुपये. ५३ ग्रॅम केले तरी ०.०९च! पाच ग्रॅम गेले आणि छापील दर जागचा हलला नाही. मग आम्ही वाचायचं तरी काय?

विक्री_विभाग: हा दोष नियम करणाऱ्यांचा. कंपनी नियम पाळतेय, तिला लबाड का म्हणता?

रोजचा_हिशेब: कारण पळवाट शोधून काढणारं डोकं कंपनीचंच असतं. खाद्यतेलाचं बघा. पिशवीवर '१ लिटर' आणि शेजारी ६० अंश सेल्सिअस तापमान. तेल तापलं की फुगतं, म्हणजे तेवढ्याच लिटरात वजन कमी भरतं. सोयाबीन तेल २१ अंशांना लिटरमागे ९१९ ग्रॅम, ६० अंशांना ८९२.६. कुणाच्या घरात तेलाची पिशवी ६० अंशांवर ठेवतात? ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला सांगावं लागलं की तापमान छापू नका. दुरुस्तीला जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. तोवर हेही 'नियमातच' होतं.

वजन वाढवलं की पुढच्या बाजूला ठळक '२० टक्के जादा' छापतात. घटवलं की मात्र चकार शब्द नाही.

लेबल_वाचणारी: फ्रान्समध्ये जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना अशा मालापाशी दोन महिने पाटी लावावी लागते. आपल्याकडे का नको?

दुकानदार_मिरज: पाटीचं ओझं दुकानावर टाकू नका. कंपनीने पुड्यावरच पुढे छापावं, माझी ना नाही. फक्त तेव्हाही लोक हुज्जत माझ्याशीच घालणार, कंपनीच्या माणसाशी नाही.