वीस लाखांचं नवं आयआयएम की सीईटीतून जमनालाल बजाज?

गिरगावकर
एमबीए करायचं ठरवलेली, महाराष्ट्राचं डोमिसाइल असलेली मुलं वर्षभर कॅटच्या (आयआयएमची प्रवेश परीक्षा) मागे लागतात आणि सीईटीचा (राज्याची एमबीए प्रवेश परीक्षा) फॉर्म 'असू दे हाताशी' म्हणून भरतात. मला हे उलटं वाटतं. जमनालाल बजाज ही व्यवस्थापन संस्था १९६५ पासून मुंबई विद्यापीठात आहे आणि तिथल्या बहुतेक जागा राज्यातल्या उमेदवारांसाठीच असतात. दोन वर्षांची फी सहा-सात लाखांच्या घरात. नव्या आयआयएममध्ये तीच वीसच्या अलीकडे-पलीकडे जाते. दहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी सहा लाखांचा हप्ता साधारण ७,९०० रुपये बसतो, वीस लाखांचा २६,४००. वय चोवीस-पंचवीस असताना हा फरक माणसाला नको ती नोकरी धरून ठेवायला लावतो. फायनान्स किंवा मार्केटिंग करून मुंबईतच राहायचं असेल, तर आधी सीईटी.

कागदपेन
सहमत नाही. बजाजच्या एमएमएसला (तिथला एमबीएसारखा दोन वर्षांचा अभ्यासक्रम) जागा शे-सव्वाशे. त्यांतही प्रवर्गानुसार वाटणी होते. अख्खी योजना एवढ्याशा दारावर टांगायची? सीईटीचा पेपरही पाहा: २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे सगळेच शेवटी अंदाजाने उत्तरं निवडून टाकतात आणि वरच्या टोकाला दोन-चार गुणांत कॉलेज बदलतं. मुलाखत नाही, कामाच्या अनुभवाला किंमत नाही. कॅटमध्ये १२० मिनिटांत ६६-६८ प्रश्न, प्रत्येक विभागाला ४० मिनिटं. तिथे विचार करणारा टिकतो. पुढे मुलाखतीत अनुभव मांडता येतो. तीन वर्षं कारखान्यात काढलेल्या इंजिनिअरने तो वाया का घालवायचा?

कर्जाचंही तसंच. आयआयएमसाठी बऱ्याच बँका पूर्ण रक्कम तारणाशिवाय देतात. इतर कॉलेजांना साडेसात लाखांच्या वर गेलात की बहुतेकदा घराचे कागद मागतात.

गिरगावकर
कागदपेन, बजाजची फी त्या साडेसात लाखांच्या आतच बसते, त्यामुळे तारणाचा मुद्दा इथे लागू होत नाही. अनुभवाचं मात्र मान्य. तीन वर्षांहून जास्त नोकरी झालेल्याने कॅट सोडू नये.

आकडेमोड
हप्त्याचं गणित अपुरं आहे. शिकत असताना व्याज थांबत नाही. वीस लाख चार सेमिस्टरना पाच-पाच लाख असे उचलले, तर अभ्यासक्रम संपेपर्यंत सरळव्याजानेच अडीच लाख चढतात. परतफेड साडेबावीस लाखांपासून सुरू होते आणि हप्ता २९,७०० होतो. त्यात राहण्या-जेवण्याचा खर्च धरलेला नाही.

प्लेसमेंट अहवाल वाचताना सरासरी पाहूच नका. परदेशी पोस्टिंगची दोन पॅकेजं अख्खी सरासरी वर ओढतात. मध्यक (पगार क्रमाने लावले की बरोबर मधला येणारा) पाहा आणि मध्यक दिलेलाच नसेल तर सावध व्हा. मग छेद तपासा: बॅच किती, प्लेसमेंटला बसले किती, 'स्वतःहून बाहेर' दाखवले किती. सीटीसीतून (कंपनी सांगते त्या वर्षाच्या एकूण पॅकेजातून) एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग वजा करा. उरलेल्या रकमेला बारांनी भागून तिच्याशेजारी हप्ता लिहा. आयआयएम असो वा बजाज, हा आकडा काढल्याशिवाय कोणी कोणाची बाजू घेऊ नये.

चाळीसगाव एक्सप्रेस
तुम्ही सगळे असं धरून चालला आहात की दोन्ही ऑफर एकदमच हातात येतील. त्या तशा येत नाहीत. आयआयएमचे निकाल एप्रिल-मेमध्ये लागतात आणि जागा राखायची रक्कम लगेच भरावी लागते. सीईटीच्या कॅप (राज्याची एकत्रित प्रवेश प्रक्रिया) फेऱ्या पावसाळ्यात होतात. तोवर आयआयएमचे वर्ग सुरूही झालेले असतात. म्हणून सीईटीचा पर्सेंटाइल कळला की आदल्या वर्षीची कॅपची कट-ऑफ यादी काढा, आपल्या प्रवर्गाची ओळ पाहा आणि ऑफर लेटरमधल्या माघारीच्या तारखेआधी निर्णय घ्या. किती रक्कम कापली जाईल, तेही त्याच कागदावर असतं.

गावाकडच्या मुलांचा घात पेपरपेक्षा कागदपत्रांत जास्त होतो. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र प्रवेश घ्याल त्याच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं. जुनं जोडलं की अर्ज खुल्या प्रवर्गात जातो. जात पडताळणीला महिने लागतात, तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षातच अर्ज टाका. पसंतीक्रमात पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज लिहा जिथे खरंच जायचं आहे, कारण पहिल्या फेरीत ते मिळालं तर तीच जागा घ्यावी लागते, पुढची फेरी मिळत नाही.

कागदपेन
तारखांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण त्याने माझी बाजू आणखी पक्की होते: मे महिन्यात हातात असलेली जागा खरी, कॅपची अजून कागदावर.

गिरगावकर
पर्सेंटाइल गेल्या वर्षीच्या कट-ऑफच्या काठावर असेल तर खरी, घ्यावी. बराच वर असेल तर मी वीस लाख उचलणार नाही.