घरी परतलेला मुलगा समुपदेशनाला तयार नाही, मदत हवी आहे

अस्वस्थ_पालक
माझा मुलगा घर सोडून गेला होता आणि आता परत आला आहे. त्याला समुपदेशकाकडे न्यायचे आम्ही ठरवले, तर "मी वेडा नाही" एवढेच म्हणून तो खोलीत जाऊन बसतो. जेवतो, विचारल्यास हो-नाही करतो. पण कुठे होता, कोणाबरोबर होता, याबद्दल चकार शब्द काढत नाही. पुढच्या आठवड्यात शाळा सुरू होत आहे. त्याला समुपदेशनासाठी कसे राजी करावे, एवढेच सांगावे. "वेळ द्या" हे उत्तर कृपया नको, ते सगळ्या नातेवाइकांनी देऊन झाले आहे.

तिसरा_प्रहर
मुलाचे वय किती? किती दिवस बाहेर होता? ही पहिलीच वेळ का? स्वतःहून परतला की शोधून आणावे लागले? आणि जाण्यापूर्वी घरात काय घडले होते? एवढे कळल्याशिवाय कोणी काही सांगितले, तरी तो अंदाजच ठरेल.

दीपस्तंभ२
सर्वप्रथम त्याच्या फोनवर लोकेशन शेअरिंग कायमचे सुरू करून ठेवा, म्हणजे पुन्हा गेला तरी तासाभरात सापडेल. आम्ही घरातल्या सगळ्यांच्या फोनवर तशी सोय केली आहे.

अस्वस्थ_पालक
वय 15. नऊ दिवस बाहेर होता, पहिलीच वेळ, स्वतःहून परत आला. मी त्याची आई. का गेला हे माहीत असते, तर इथे विचारायची वेळच आली नसती. फोन आम्ही काढून घेतला आहे, त्यामुळे लोकेशनचा प्रश्न येत नाही. खोलीच्या दाराची आतली कडीही काढून टाकली आहे.

मनमोकळे
ताई, मी गेली अनेक वर्षे किशोरवयीन मुलांचे समुपदेशन करते. तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले. जो मुलगा स्वतःच्या पायांनी परत आला, त्याला परतल्यावर बिनकडीची खोली मिळाली. तुमची भीती मला समजते, परंतु आपल्यावर पहारा बसला आहे असेच त्याला वाटत असणार, आणि समुपदेशन हाही त्याला त्या पहाऱ्याचाच भाग वाटत असेल.

तो येत नसेल, तर आधी तुम्ही दोघे पालक जा. कुटुंबाला एकत्र बसवून काम करण्याची पद्धत नवीन नाही. 1970च्या दशकात विकसित झालेली एक उपचारपद्धती तर 11 ते 18 वर्षांच्या मुलांच्या कुटुंबांसाठीच आहे, आणि तिची सुरुवात मुलाला दुरुस्त करण्यापासून होत नाही, घरातला परस्परांवरचा दोषारोप कमी करण्यापासून होते.

तीन गोष्टी मात्र लांबवू नका. डॉक्टरांकडून त्याची शारीरिक तपासणी करून घ्या. बाहेर त्याला कोणी इजा केली का, हे एकदाच आणि शांतपणे विचारा. उत्तर मिळाले नाही तर खोदून विचारू नका. आणि जीव नकोसा होतो का, हे सरळ शब्दांत विचारा. असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी आले, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना गाठा.

कणखर
इतके लाड केल्यामुळेच मुले घर सोडतात. माझ्या भाच्याला सहा महिने कडक शिस्तीच्या निवासी शिबिरात ठेवले आणि तो सुतासारखा सरळ झाला.

मनमोकळे
गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांसाठीच्या लष्करी थाटाच्या शिबिरांचा बराच अभ्यास झाला आहे आणि केवळ कडक शिस्तीने मुले पुन्हा गुन्ह्याकडे वळणे थांबते, असे त्यातून दिसलेले नाही. हा मुलगा तर गुन्हेगारही नाही. नुकत्याच घरी आलेल्या मुलाला पुन्हा घराबाहेर पाठवले, तर घराला आपण नको आहोत असाच अर्थ तो लावेल.

कणखर
अभ्यास काहीही म्हणोत, माझा भाचा माझ्या डोळ्यांसमोर आहे.

परतीची_वाट
मी सोळाव्या वर्षी घर सोडले होते. परत आलो तेव्हा सगळ्यांनी कुठे होतास हे विचारले, का गेलास हे कोणीच विचारले नाही. पुढे वर्षभराने काकांनी मला सोबत फिरायला न्यायला सुरुवात केली. ते काहीही विचारत नसत, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी मीच बोलू लागलो. समोरासमोर बसून बोलणे मला जमत नव्हते, बरोबरीने चालताना जमले. ताई, तिसरा_प्रहर यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही अजून दिलेले नाही.

अस्वस्थ_पालक
तो गेला त्याच्या आदल्या रात्री गुणांवरून वाद झाला होता. त्याच्या वडिलांनी त्याच्या चित्रांच्या वह्या फाडल्या. तीन वर्षांच्या वह्या होत्या. मी तिथेच उभी होते आणि त्यांना अडवले नाही. हे लिहायला नको वाटत होते, कारण त्याच्या जाण्याचे कारण हेच असेल, हे मी स्वतःशीही मान्य केले नव्हते.

मनमोकळे
हे लिहिलेत हे फार चांगले झाले. ही गोष्ट त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या, आणि तेव्हा "पण तूसुद्धा" हे शब्द येऊ देऊ नका. वडिलांनी त्यांचे स्वतः बोलावे. त्यांच्या वतीने तुम्ही माफी मागू नका. समुपदेशकाची निवड त्याला करू द्या, पहिल्या भेटीनंतर नको म्हणण्याची मुभाही द्या. तो तिथे जे बोलेल ते तुम्हाला कळवले जाणार नाही, जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद, हे समुपदेशकानेच त्याला तुमच्यासमोर सांगितलेले बरे. शाळेसाठी एखाद्या विश्वासू शिक्षकांशी बोलून सुरुवातीचे काही दिवस अर्धवेळ ठेवता येतात का ते पाहा. वर्गात काय सांगायचे, हे त्याला ठरवू द्या.

अस्वस्थ_पालक
काल रात्री त्याच्याशी बोलले. जीव नकोसा झाला का हेही विचारले. नाही म्हणाला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहून बोलला. वह्यांबद्दल मी बोलले, तेव्हा तो काहीच बोलला नाही, पण उठूनही गेला नाही. दाराला कडी आज परत बसवली. शुक्रवारची समुपदेशकांची वेळ आम्हा दोघांसाठी घेतली आहे. त्याचे वडील येतो म्हणाले आहेत, मात्र वह्यांविषयी ते अजून त्याच्याशी बोललेले नाहीत.