शब्दचर्चा : ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे नैराश्य का?

प्रश्न : झिंबाब्वेतील मानसोपचारांवरील लेखाचे भाषांतर करताना शोना भाषेतील ‘कुफुंगिसिसा’साठी मी ‘अतिविचार’ हा शब्द योजला होता. संपादकांनी सर्वत्र ‘नैराश्य’ केले. मला ते पटत नाही, कारण शोना भाषक हा शब्द दुःखाचे कारण सांगतानाही वापरतात आणि दुःखाला नाव देतानाही. मराठीत काय म्हणावे?

प्रतिसाद : ‘अतिविचार’ कोशात शोभेल, परंतु स्वतःचे दुःख सांगताना तो कोणाच्या तोंडी येणार नाही. आपण ‘मनाला लावून घेतले’, ‘धसका घेतला’ असे म्हणतो. भाऊ गेल्यावर माझ्या आजीचे जेवण तुटले, तेव्हा घरात सगळे ‘तिने हाय खाल्ली’ म्हणत. पुढे डॉक्टरांनी ‘नैराश्य’ म्हटले, तेव्हा ती दुखावून म्हणाली, “मी निराश नाही, मला त्याची आठवण येते.”

प्रतिसाद : आजींचे बरोबर आहे. निराशा ही भावना आहे, आजार नव्हे. ‘अवसाद’ घ्यावा, ‘सद्’ धातूला ‘अव’ उपसर्ग लागून खाली बसणे, खचणे हा अर्थ त्यात नेमका येतो.

प्रतिसाद : पण हा शब्द मराठीत बोलतो कोण? व्युत्पत्ती शुद्ध असली म्हणजे शब्द रुग्णाच्या उपयोगी पडतो, असे नाही. जपानमध्ये स्किझोफ्रेनियाचे जुने नाव ‘मन दुभंगण्याचा आजार’ अशा अर्थाचे होते; रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने ते बदलण्याची मागणी केली आणि २००२ मध्ये नवे नाव स्वीकारले गेले. आपल्या ‘छिन्नमनस्कते’तही तोच दोष आहे.

प्रतिसाद (‘अवसाद’ सुचवणारे) : ‘छिन्नमनस्कता’ मूळ ग्रीक घडणीशी प्रामाणिक आहे. कलंक शब्दात नसतो, समाजाच्या नजरेत असतो. नजर तीच राहिली, तर नवे नावही काही वर्षांत तितकेच बोचेल.

प्रश्नकर्ती : माझी अडचण वेगळी आहे. झिंबाब्वेत २००६ पासून आरोग्यकेंद्रांबाहेरील बाकांवर बसून प्रशिक्षित आज्या लोकांची दुःखे ऐकतात. त्यांच्या पहिल्या टप्प्याचे नाव ‘कुव्हुरा फुंग्वा’, म्हणजे मन उघडणे. ‘फुंग्वा’ आणि ‘कुफुंगिसिसा’ दोन्ही ‘फुंगा’, म्हणजे विचार करणे, यावरून आले आहेत. दुखणे आणि उपाय यांचे मूळ एक आहे, आणि ‘नैराश्य’ लिहिले की ते नाते तुटते. खरे तर ‘हाय खाल्ली’नेही तुटतेच.

प्रतिसाद (जपानचे उदाहरण देणारे) : नजर आपोआप बदलत नाही. जुन्या नावामुळे तिथले अनेक डॉक्टर रुग्णाला निदान सांगायलाच कचरत असत. ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द आपण रुग्णासमोर उच्चारू शकाल का?