इन्स्टावर २१०० फॉलोअर्स पण ऑर्डर नाही, प्रदर्शनात माल संपतो पण माणूस परत येत नाही. नक्की कशावर वेळ घालू?

सांगलीची_फोडणी
नमस्कार सगळ्यांना. मी सांगलीत विश्रामबागला राहते, दोन वर्षं झाली घरून मसाले करते. मुख्य कांदा लसूण मसाला, मग मेतकूट, थालीपिठाची भाजणी, उपवासाची भाजणी आणि दिवाळीआधी चकलीची भाजणी. सासूबाईंच्या हाताखाली शिकले, मिरची अजून त्याच निवडतात. एफएसएसएआयचं बेसिक रजिस्ट्रेशन केलंय, पाकिटावर नंबर टाकते, उद्यम पण काढलंय. म्हणजे कागदपत्रांचा प्रश्न नाहीये.

प्रश्न असा की भाच्याने इन्स्टा पेज काढून दिलं, तो रील करतो, एक रील ८० हजार लोकांनी बघितली. खाली ढिगाने कमेंट, प्राईस प्लीज, लोकेशन काय, दिल्लीला पाठवता का. सगळ्यांना उत्तरं दिली, दोन दिवस त्यातच गेले, आणि ऑर्डर आल्या चार. दिवाळीत ३००० रुपये घालून पोस्ट बूस्ट केली तर भाजणीच्या दोन ऑर्डर. दुसरीकडे ऑक्टोबरमध्ये तीन दिवसांच्या प्रदर्शनात स्टॉल लावला, ४५०० भाडं, ११ हजारांची विक्री झाली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेतकूट संपलं पण. लोक चव घेऊन खूश होते. पण त्यानंतर त्यातलं कोणीच परत आलं नाही हो, एक पण फोन नाही.

आता मिस्टर म्हणतात इन्स्टा सोड, भाचा म्हणतो प्रदर्शन सोड, आणि ओळखीतले एक जण म्हणतात व्यावसायिकांच्या मीटिंगचा ग्रुप जॉईन कर, वर्षाची फी भर, तिथून रेफरन्स मिळतात. मला चारचौघात उभं राहून बोलायची सवय नाही. दोन मुलं शाळेत, सकाळचा वेळ भाजण्यात आणि डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या गिरणीवर, जातो, हातात रोजचा जेमतेम दीड तास उरतो. तो कशावर घालू?

सातारी_डंक
ताई, मी साताऱ्याची, १४ वर्षं हेच करतेय, म्हणून जरा मोठं लिहिते.

तुझ्या पोस्टमध्ये एक गोष्ट नाहीये, प्रदर्शनात ज्यांनी घेतलं त्यांचे नंबर तुझ्याकडे आहेत का? नसणार. मग ते परत कसे येतील. तीनशे-चारशे ग्रॅम मसाला घरात महिना-दीड महिना पुरतो, तोवर पाकीट डब्यात रिकामं होऊन कचऱ्यात गेलेलं असतं, तुझं नाव त्यांना आठवत नाही. चव आठवते पण, म्हणजे बाई मनात म्हणत असते की तो मसाला छान होता, कुठून घेतला होता बरं. मी पहिली तीन वर्षं हेच केलं, स्टॉल लावायचा, विकायचं, घरी यायचं. मग एकदा माझ्या मोठ्या जाऊबाई शेजारी बसल्या आणि वही काढून प्रत्येक बाईला विचारायला लागल्या, ताई नाव सांगा, गाव कुठलं, काय नेलं. त्या वहीत तीन दिवसांत ७० नावं झाली. महिन्याभराने मी एकेकीला मेसेज केला, मेतकूट संपलं असेल ना, परवा ताजं दळतेय, ठेवू का पाव किलो? १९ जणींनी हो म्हटलं. तेव्हापासून स्टॉलवर विक्री किती झाली हे मी दुसऱ्यांदा मोजते, पहिल्यांदा वहीतली नावं मोजते.

वहीत काय नेलं ते लिहायचंच. जिने उपवासाची भाजणी नेली तिला आषाढीच्या आणि श्रावणाच्या आधी मेसेज, जिने चकलीची नेली तिला नवरात्र बसलं की. सगळ्यांना सगळं पाठवत बसलीस तर लोक म्यूट करतात.

दुसरं, तू नेटवर्किंगसाठी फी भरायचं म्हणतेस, पण आपल्या बायकांचं नेटवर्किंग तर दारातच आहे. आता मार्गशीर्षातले गुरुवार चालू आहेत, शेवटच्या गुरुवारी घरोघरी हळदीकुंकू. मग संक्रांत ते रथसप्तमी. एकेक बाई ४०-५० जणींना बोलावते आणि वाण काय द्यायचं म्हणून डोकं धरून बसलेली असते. प्लास्टिकचे डबे नि चाळण्या सगळ्यांच्या घरी पडल्यात. तिला सांग, मेतकुटाची छोटी पुडी वाण म्हणून दे, १०० पुड्यांची ऑर्डर असेल तर मी करून देते. वाण लुटलेलं कोणी फेकत नाही, घरी नेऊन त्याच रात्री गरम भातावर खातात. पुडीवर तुझं नाव आणि नंबर. मी ह्यात गेली सहा वर्षं एक रुपयाची जाहिरात केलेली नाही.

रीलवाला_मिरज
काकूंचं वहीचं एकदम पटलं, पण इन्स्टा सोडू नका ताई, मी मिरजेचा आहे आणि छोट्या दुकानांची पेजेस सांभाळतो, त्यामुळे थोडं सांगतो.

८० हजार व्ह्यूज कुठून आले ते इनसाईट्समध्ये, म्हणजे इन्स्टा पेजचे आकडे दाखवतं तिथे, शहराप्रमाणे बघा. रीलला हिंदी गाणं नि खाली इंग्लिश कॅप्शन असेल तर ती देशभर फिरते, आणि लखनौच्या माणसाला कांदा लसूण मसाला म्हणजे काय तेच माहीत नसतं, तो प्राईस प्लीज लिहून पुढे जातो. तुम्हाला ८० हजार नकोत, तुम्हाला सांगली मिरज कुपवाडमधले ८०० पाहिजेत. मराठीत बोला, आपल्या इकडचंच मराठी, भाव पहिल्या दहा सेकंदांत सांगा, लोकेशन टॅग लावा. आणि सासूबाई मिरची निवडताना दाखवा ना, ब्याडगी कशी ओळखायची, देठ का काढायचे, लवंगी किती घालायची. त्यांचा हात दिसला पाहिजे. त्यांना कॅमेऱ्यात यायचं नसेल तर नुसता हात आणि आवाज.

बूस्टचे ३००० गेले कारण बूस्ट बटण दाबलं की ते साधारण लाईक आणि प्रोफाईल व्हिजिट आणून देतं. त्यापेक्षा जाहिरात अशी लावा की बटण दाबल्यावर थेट तुमचं व्हॉट्सॲप उघडेल, आणि एरिया सांगलीच्या आसपासचे काही किलोमीटर एवढाच ठेवा. दिवसाला १०० रुपये, पाच दिवस, तेवढ्यात कळतं. साधं व्हॉट्सॲप असेल तर बिझनेस ॲप घ्या, त्यात कॅटलॉगला फोटो वजन भाव टाकून ठेवा, म्हणजे प्राईस प्लीजला दरवेळी टाईप करायला नको.

आणि एक महत्त्वाचं, प्रदर्शनातली किंवा वाणाची पुडी नेलेली बाई घरी जाऊन तुमचं पेज शोधते. तिथे चार महिन्यांपूर्वीची पोस्ट दिसली तर तिला वाटतं बंद झालं वाटतं. आठवड्याला दोन पोस्ट पुरे, पण आजच्या तारखेच्या पाहिजेत. आज काय भाजलं, आज डंकावर किती किलो नेलं. पेज ओळख करून देत नसेल कदाचित, पण झालेली ओळख टिकवतं.

चिंचवड_पॅकेजिंग
मीटिंगवाल्या ग्रुपबद्दल मी सांगू शकतो, मी चार वर्षं जातोय, माझा पाऊच नि लेबल प्रिंटिंगचा धंदा आहे. बीएनआयसारख्या ठिकाणी दर आठवड्याला मीटिंग असते आणि एका चॅप्टरमध्ये, म्हणजे त्यांच्या एका गटात, एका व्यवसायाचा एकच सभासद घेतात, सॅटर्डे क्लब मराठी उद्योजकांचा आहे. मला फायदा झाला कारण मला गिऱ्हाईक म्हणून धंदेवालेच लागतात. एक केटरर मिळाला, त्याने तीन जणांकडे पाठवलं, असं.

ताईंचं पाव किलो मेतकूट तिथे कोणी दर महिन्याला घेणार नाही, घेतलं तरी ओळखीखातर. त्यामुळे फी भरायच्या आधी स्वतःला विचारा की मला घाऊक विकायचंय का. पोळीभाजी केंद्र, खानावळ, मेस, कँटीन, केटरर, ह्यांना महिन्याला ५-१० किलो मसाला लागतो आणि दर वेळी तीच चव लागते. तेवढा माल तुम्ही देऊ शकत असाल तर मग रेफरन्सचा उपयोग आहे. नाहीतर सांगलीत अशा पंधरा-वीस ठिकाणी दुपारी तीन-चारच्या मधे, त्यांची गर्दी ओसरल्यावर, स्वतः जाऊन १०० ग्रॅमचं सॅम्पल देऊन या, तेही नेटवर्किंगच आहे. चारचौघात उभं राहून बोलावं लागत नाही, एका माणसाशी बोलायचं.

जायचंच असेल तर पाहुणे म्हणून एकदा येऊ देतात, आधी बघा तिथे खाण्याच्या धंद्यातलं कोण आहे. पहिल्याच दिवशी फॉर्म भरू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

कोथरूडची_कुरडई
मला एक सावध करायचंय. मी उन्हाळी पापड-कुरडयांचं करते. मी नंबर जमा केले आणि उत्साहात सगळ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला, १८० बायका. चार दिवसांत त्यातल्या एकीला अनोळखी माणसाचे मेसेज यायला लागले, कोणीतरी नंबर उचलले ग्रुपमधून. तिने मला फोन करून सुनावलं आणि ती बरोबर होती, तिने मला विश्वासाने नंबर दिला होता. त्या दिवसापासून ग्रुप बंद. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, त्यात एकीचा नंबर दुसरीला दिसत नाही. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, म्हणून स्टॉलवरच गोड बोलून सेव्ह करून घ्यायचा. आणि वहीत लिहितानाच विचारा, मेसेज केलेला चालेल ना?

अजून एक, ओळखीतला धंदा वाढला की उधारी वाढते. भिशीतल्या बायका, सोसायटीतल्या, नणंदेच्या मैत्रिणी, पुढच्या महिन्यात देते म्हणतात आणि आपल्याला मागायला जीव जातो. माझे एका उन्हाळ्यात साडेसात हजार असेच अडकले. आता पाकिटासोबत क्यूआर कोड देते आणि मेसेजमध्येच लिहिते की पेमेंट आल्यावर पार्सल निघेल, सगळ्यांना तोच मेसेज, सख्ख्या बहिणीला पण.

सांगलीकर_पुण्यात
मी गिऱ्हाईक म्हणून लिहितो. पुण्यात १२ वर्षं झाली, अजून मसाला गावाकडूनच येतो. आई होती तोवर ती द्यायची, आता दरवेळी कोणाला तरी सांगावं लागतं. आमच्या सोसायटीत सांगली कोल्हापूर कराडकडची नऊ-दहा घरं आहेत, सगळ्यांची हीच अडचण. तुम्ही अनोळखी दिल्लीवाल्याला उत्तरं देण्यापेक्षा आमच्यासारखे शोधा ना. तुमच्या शाळेच्या मैत्रिणी पुण्या-मुंबईत असतील, त्यातली एक जण तिच्या सोसायटीची ऑर्डर गोळा करेल, दहा किलो एकदम ट्रॅव्हल्सने टाका, इथे आम्ही स्वारगेटला उतरवून घेतो. डिसेंबरमध्ये पुण्यात भीमथडी जत्रेला आमच्या घरचे दरवर्षी जातात ते अशाच मालासाठी, पण मसाला संपतो फेब्रुवारीत, तेव्हा जत्रा नसते.

सांगलीची_फोडणी
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचता वाचता डोळ्यात पाणी आलं खरंच. सातारच्या ताई, वाणाची पुडी किती ग्रॅमची करू आणि काय भाव लावू, तोटा नको व्हायला.

सातारी_डंक
१५ ग्रॅम कर, दोन वेळच्या भाताला होतं. १०० पुड्यांना दीड किलो मेतकूट लागलं. तुझा किलोचा खर्च काढ, त्यात पाऊच, लेबल आणि पुड्या भरायची मजुरी धर. मजुरी स्वतःची असली तरी धरायची, हे विसरू नको. मी गेल्या वर्षी १५ रुपयाला दिली. ह्यात मोठा नफा काढू नकोस पण फुकट पण देऊ नकोस. आणि पुडी लहान म्हणून तारीख आणि लायसन्स नंबर गाळू नको.

सांगलीची_फोडणी
रथसप्तमी झाली, सांगितल्याप्रमाणे केलं ते कळवायला आले. आधी दोन घरीच विचारलं होतं, मग त्यांच्याकडे आलेल्या बायकांनी विचारलं, असं करत पाच घरची वाणं झाली, ३१० पुड्या. सासूबाई आणि मी रात्री बसून भरल्या. त्यातून आत्तापर्यंत ४१ जणींचे मेसेज आले आणि २६ जणींनी पाव किलो किंवा जास्त नेलं, सगळे नंबर विचारून वहीत लिहिलेत. वही मुलीने कव्हर घालून दिली.

सासूबाई रीलमध्ये आल्या, आधी नको नको म्हणत होत्या. मिरचीचे देठ काढताना बोलल्या फक्त. ती रील बघितली २३०० जणांनीच, पण त्यातून सात ऑर्डर आल्या आणि सातही सांगली-मिरजेच्या. पुण्याला माझी कॉलेजची मैत्रीण आहे, तिच्याकडे पहिलं आठ किलोचं पार्सल गेलं, त्यात मात्र दोन पाकिटांचं तेल सुटून लेबलं खराब झाली, तिला नवीन पाठवली. मीटिंगला अजून गेले नाही. दोन खानावळीत सॅम्पल दिलंय, एकीने चार किलो मागवलाय.

आता मार्च-एप्रिलचा सीझन येतोय, वहीतल्या बायका वर्षाचा मसाला मागतील असं वाटतंय. मिरची एकदम घेऊन ठेवू का ऑर्डर बघून?

चिंचवड_पॅकेजिंग
कांदा लसूण मसाल्याला साधी पिशवी चालत नाही ताई, तेल आणि वास दोन्ही बाहेर येतात. जाड मल्टीलेयर पाऊच घ्या, सील रुंद मारा, आणि गरम असताना भरू नका, रात्रभर ताटात गार होऊ दे. लेबल छापताना वर लॅमिनेशन करून घ्या.

सातारी_डंक
वहीतल्या जुन्या २६ जणींना आत्ताच मेसेज कर, वर्षाचा किती लागेल सांगा, निम्मे पैसे आधी. जेवढ्यांचे पैसे येतील तेवढी मिरची आणि वर पाच किलो, बास. सगळी एकदम घेऊन घरात ठेवलीस नि नीट वाळलेली नसली तर बुरशी धरते. आणि बाजारात सासूबाईंना घेऊन जा.