गिअरबॉक्सचा ऑइल कूलर: घरी धुवावा की सरळ बदलावा?

गिअरवेडा
ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून नव्या क्लच प्लेटा घातल्या आणि गिअरबॉक्सचं तेल थंड करणारा कूलर तसाच जोडला, तर सगळी मेहनत पाण्यात. मी हे स्वतःच्या गाडीवर भोगलंय. जळक्या प्लेटांची भुकटी नि धातूचा कीस कूलरच्या नळीत बसून राहतो, आणि तिथून तेल थेट गिअरबॉक्समध्ये परततं. दुसऱ्यांदा उघडावा लागला तेव्हा कूलर घरीच धुतला. दोन्ही पाइप सोडले, तेल एरवी वाहतं त्याच्या उलट दिशेने फ्लशिंगचं द्रावण सोडलं, मग कमी दाबाची हवा, पुन्हा द्रावण. पहिली खेप शाईसारखी काळी, चौथी स्वच्छ. शेवटी ताजं तेल सोडून उरलंसुरलं द्रावण काढलं, नाहीतर ते नव्या प्लेटा आणि सीलं खराब करतं. माझ्या मते हे काम घरी नीट होतं.

तेलकट हात
असहमत. द्रावण स्वच्छ आलं म्हणजे कूलर स्वच्छ झाला, असं नाही. एकाच नागमोडी नळीचा कूलर असेल तर तुमचं म्हणणं मान्य. पण पातळ पट्ट्यांचे थर रचलेल्या कूलरमध्ये तेलाला शेजारी शेजारी अनेक वाटा असतात. काही तुंबल्या तरी द्रावण मोकळ्या वाटांनी निघून येतं, तुंबलेल्यांना शिवतही नाही. शिवाय थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह (तेल तापेपर्यंत कूलरची वाट बंद ठेवणारा) असलेल्या गाडीत थंड द्रावण कूलरला वळसा घालूनच बाहेर पडू शकतं! गिअरबॉक्स फुटलाय ना, मग कूलर बदला.

गिअरवेडा
माझा नळीचाच होता. पट्ट्यांच्या कूलरबद्दल तुमचं पटलं, तो मीही धुणार नाही. पण सरसकट बदला हे पटत नाही. परतीचा पाइप मापाच्या भांड्यात सोडून काही सेकंद इंजिन चालवलं की प्रवाह कळतो. किती तेल यायला हवं तो आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो.

तेलकट हात
त्याने अडथळा कळतो. आत चिकटलेला कीस कळत नाही, आणि तेल तापल्यावर सुटतो तो तोच. एक कण व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाच्या दाबाने गिअर बदलणाऱ्या भागात, अडकला की गिअर झटके देऊ लागतो. नव्या कूलरचा खर्च दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उघडण्यापुढे काहीच नाही.

रेडिएटरवाली
तुम्ही दोघेही एक गोष्ट विसरताय. कूलर रेडिएटरच्या आत असेल आणि तेल गुलाबी दुधासारखं दिसत असेल, तर आतून गळून कूलंट (रेडिएटरमधलं इंजिन थंड ठेवणारं पाणीमिश्रित द्रव) तेलात मिसळलंय. तिथे धुण्याचा प्रश्नच येत नाही. रेडिएटर तर बदलावा लागतोच, पण पाण्याने प्लेटांवरचं अस्तरही सुटतं, म्हणून गिअरबॉक्सही तपासून घ्या. आणि घरी धुणाऱ्यांनो, कृपया चष्मा घाला. हवेच्या दाबाने उडणारा द्रावणाचा फवारा डोळ्यात जातो आणि ठिणगीने पेटतो.

गिअरवेडा
चष्म्याचं लिहायला हवं होतं, चुकलंच. कूलर मात्र ठेवतोय. परतीच्या पाइपवर चुंबकाचा फिल्टर बसवलाय, त्यात सुटा कीस अडकेल.

तेलकट हात
मग तो लवकर उघडून बघा. कीस सापडला तर कूलर त्याच दिवशी काढा.